कमी तिखट

पाडव्याला बाराच्या ठोक्याला आमच्या चटणीची वेबसाइट सुरू होणार, असं मी अख्ख्या मंगळवार पेठेला सांगून बसलेली. पावणेबारा झाले तरी सून संयोगिता लॅपटॉपपुढं थिजलेली. मी दारात जाऊन परत आले, पाचव्यांदा. “आता काय राहिलं?” “आत्याबाई, ‘कमी तिखट’चा रकाना रिकामा हाय. पुण्याची गिऱ्हाइकं तेच मागत्यात. तसली चटणी बनवू, मग उघडू.” आधी तिला वेबसाइटचा रंग आवडंना, मग फोटो, दोनदा तारीख पुढं ढकललेली. तिसऱ्यांदा ढकलली तर ही पोरगी परत लॅपटॉप उघडणार न्हाय, हे मला दिसत होतं. “माझ्या घरात कमी तिखट चटणी न्हाय आन् सासूबी न्हाय. लिही तिथं.” “काय लिहू?” “हीच चटणी घ्या, वाटीभर दह्यात कालवा.” ती हसली, तसंच टाइप केलं आणि बटण दाबलं. तेव्हा कुठं मी खाली टेकले.