एकशे अठरा पौंड

पोतं तळाशी चिरलेलं होतं. त्यातली वाळू विमानाच्या मागच्या खुर्चीतून गळून रेवदंड्याच्या ओल्या किनाऱ्यावर सांडली होती. हे उंदराचं काम नव्हतं. चीर सरळ होती, पटाशीने मारावी तशी.

काशीने सासऱ्यांकडे पाहिलं. भागोजी मिस्त्री सुरूच्या झाडाला टेकून पटाशीच्या धारेवर अंगठा फिरवत होता.

"मामंजी, आजच?" ती एवढंच म्हणाली.

परवान्याच्या परीक्षेसाठी आजचा दिवस शेवटचा होता. मुंबईच्या क्लबात नवरा चंदर विमान चालवायला शिकवायचा आणि काशी शिकायची. सगळं झालं होतं, फक्त एकटीने मारायच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या. मग दिवस गेले, जनी झाली, आणि उडायच्या वेळा नि पोरीच्या दुधाच्या वेळा काही केल्या जुळेनात. आज फेऱ्या झाल्या नाहीत तर आधीचे सगळे तास बाद.

विमान मात्र घरचं होतं. चंदरने भंगारातलं इंजिन आणलं, भागोजीने होड्या बांधायच्या मांडवाखाली पंखांच्या फासळ्या तासल्या, सासूबाईंनी, आवडाबाईंनी, वर कापड शिवलं. याच विमानावर परीक्षा द्यायची परवानगी सात शिक्के घेऊन आली. पाठोपाठ परीक्षक आले. ते आता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून उभे होते.

भागोजीने जन्मात चाळीस होड्या बांधल्या. होडीची पहिली फेरी असली की तो स्वतः तिच्यात जाऊन बसायचा. डोलकाठीला पाठ लावायची आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. नाव चालवणाऱ्या तांडेलाचा हात बिचकू नये म्हणून. या विमानात मात्र तो एकदाही उडाला नव्हता. "लाकूड पान्यावर तरतं, वाऱ्यावर न्हाय," म्हणायचा. सुनेला कधी नावाने हाक नाही, ती नेहमी 'चंदरची बायको'. आणि गेले पंधरा दिवस एकच धोशा, "तान्ह्या पोरीच्या आयशीनं जिमिनीवर ऱ्हावं."

तोल काढायच्या दिवशी तेवढा तो मागच्या खुर्चीत बसला होता, तेही शेपूट खांबाला बांधलंय ना, हे दोनदा बघून. भरला एकशे अठरा पौंड. मागची खुर्ची रिकामी राहिली तर उतरताना विमान नाकावर पडेल, म्हणून तेवढीच कोरडी वाळू वाण्याच्या काट्यावर तोलून पोत्यात भरली होती. तेच हे पोतं.

"अहो, वाळूला काय तोटा इथे?" परीक्षक म्हणाले. "भरा दुसरं."

"ही ओली आहे, साहेब. वजन कळायचं नाही," चंदर म्हणाला. "काटा बाजारात, आणि भरती तासावर आलीय."

परीक्षकांनी वही मिटली.

आवडाबाईंच्या कडेवर जनी होती, तरी त्या पुढे आल्या. "सुनेचं भलं बघवंना व्हय तुमाला? येवढी कापडं शिवली मी, ती काय वाळत घालायला?"

भागोजीने पटाशी बायकोच्या हातात दिली. वहाणा काढून जोडीने ठेवल्या. मुंडाशाचं टोक हनुवटीखाली आवळलं, आणि चढून मागच्या खुर्चीत बसला.

"एकशे अठरा," तो म्हणाला. "तोललेलं हाय."

"आजोबा, उतरा खाली. परीक्षेत पासिंजर चालत नाही. बाईंनी एकटीने उडायचंय."

"मी पासिंजर न्हाय, सायेब. मी वजन हाय."

परीक्षकांनी चंदरकडे पाहिलं, मग समुद्राकडे. मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी मागच्या खुर्चीपुढची, विमान वळवायची दांडी काढून घ्यायला लावली, म्हणजे म्हाताऱ्याच्या हाताला काही लागायला नको. "हात मांडीवर. वजन आहात ना, मग एक शब्द बोललात तर परीक्षा रद्द. खाली आल्यावर मी बाईंना विचारणार आहे."

काशीने जनीच्या टाळूवर ओठ टेकवले. पोरीला पोटभर पाजलं होतं, दीड तासाची निश्चिंती होती. ती पुढे बसली. चंदरने पंखा फिरवला.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. काशीची पाठ मात्र कान झाली होती, आता ओरडतील, मग ओरडतील. मागून काही नाही.

तिसऱ्यांदा ती उतरू लागली. चाकं वाळूपासून पुरुषभर उंचीवर आली, आणि सुरूच्या बनातून विठोबा गाडीवानाची नारळाने भरलेली बैलगाडी बरोबर समोर आडवी आली. विठोबाने दोन्ही हात वर केले, जणू विमान हातानेच थोपवणार. मागून हूं नाही की चूं नाही. काशीने इंजिनाला जोर दिला. विमान गाडीवरून गेलं. विठोबाची टोपी उडाली, बैलांनी मान वर करूनही पाहिलं नाही. एक जास्तीची फेरी घेऊन ती पाण्याच्या कडेकडेने अलगद उतरली, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी.

परीक्षक धावत आले. "बाई, हे काही बोलले?"

"नाही."

"गाडी आली तेव्हासुद्धा?"

काशी मागे वळली. भागोजी तसाच बसला होता. हात मांडीवर, बोटं धोतरात रुतलेली, दोन्ही डोळ्यांतून पाण्याची धार.

"मामंजी, एवढी गाडी आडवी आली," तिला हसू आवरेना, "साधं 'अगं' तरी म्हणायचं!"

भागोजीने आधी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी वहीत सही केली, मगच त्याने तोंड उघडलं.

"वजन कदी बोलतं व्हय, तांडेल?"