फिलरमध्ये काही नसतं

जुन्या मेनफ्रेम संगणकावरच्या नोंदींचे आराखडे नव्या टूलमध्ये चढवायचे, हे माझं काम. आई गेल्यापासून ते बरं वाटतं. डोकं लावावं लागत नाही.

प्रत्येक आराखड्यात ‘फिलर’ असतो, म्हणजे पुढेमागे लागेल म्हणून सोडलेली कोरी जागा. आज नमुन्याच्या नोंदी उघडल्या, तर पहिल्या नोंदीच्या फिलरमध्ये रोमन अक्षरांत लिहिलं होतं: आले गं.

शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “अक्षरं वाचायचं कोडपेज चुकलं असेल तुझं.”

“ते चुकलं की कचरा येतो. हे मराठी आहे.”

“मग मॅप करू नकोस, सोड. फिलरला कोण विचारतंय?”

दुसऱ्या नोंदीत त्यावरचं आईचं ठरलेलं उत्तर होतं: दार लाव आधी. बाकीचे फिलर कोरे. ते मशीन तर माझ्या जन्माआधीच बंद पडलेलं.

मी दोन्ही सोडून दिले आणि संध्याकाळी निघाले.

घरी कुलूप काढलं, चपला काढल्या आणि सवयीने रिकाम्या घराला म्हणाले, “आले गं.”

मग दार लावायला वळले आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. दार लाव म्हणून मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.