उजेड न पडलेलं गाणं

जीपचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर बोटं वाजवत जे गुणगुणत होता, ते ऐकून सपना दचकली. ते तिचं गाणं होतं. तिनंच रचलेलं, उराशी जपलेलं, आज सेनगावच्या जयंतीच्या स्पर्धेत पहिल्यांदा म्हणायचं.

“भाऊ, हे कुठं ऐकलं तुमी?”

“ढाब्यावर. समदा कनेरगाव नाका म्हनून राहिला की!”

सपनानं वळून बापाकडं पाहिलं. भीमराजनं मान खाली घातली. त्याच्या गायन पार्टीत ती लहानपणापासून कोरसला बसायची. यंदाच्या जयंतीला तो म्हणाला होता, पुढं आता तू बस. पण पोरीचं गाणं त्याच्या पोटात काही राहिलं नव्हतं.

“ढाब्यावर एकडाव म्हनलो गं. लोकायनं पुन्हा म्हनायला लावलं.”

“आबा, अट काय हाय? गाणं अप्रकाशित पाहिजे!”

“मंग? छापलं का कुठं?”

मागच्या सीटवरून पद्माबाई, सपनाची आई, म्हणाली, “भांडू नका दोघं. मला आधी हे सांगा, पाटीवर ‘अभूतपूर्व स्पर्धा’ लिवलंय, ते काय असतंय? पूर्वी भूत नव्हतं, आता हाय, असं?”

जीपभर हशा उसळला. सपनाला तेवढं हसू आलं नाही.

सेनगावात उन्हं कलली होती आणि मंडप फुलून गेला होता. निळ्या पताका, कर्ण्यांचा आवाज, बायांची ही गर्दी. परीक्षक हरिचंद सर माईकवर अट समजावून सांगत होते.

“अप्रकाशित म्हणजे नुसतं न छापलेलं नव्हे. ज्याच्यावर अजून उजेडच पडला नाही, असं. पुस्तकात नको, कॅसेटवर नको, कुणाच्या तोंडी नको.”

ही अट कडक करायला लावली होती गोपीचंदनं. सेनगावच्या पार्टीचा गायक. आवाज खडा आणि स्मरण असं, की एकदा कानावरून गेलेलं गाणं तो विसरत नसे. त्या दिवशी त्यानं दोन पार्ट्या उठवल्या. मध्येच उभा राहायचा, “हे गाणं मला ठाऊक हाय,” म्हणायचा आणि पुढचं कडवं घडाघडा म्हणून दाखवायचा. उठलेल्यांच्या मागून ‘चोर, चोर’ असा ओरडा व्हायचा. आता दोनच पार्ट्या उरल्या. त्याची आणि भीमराजची.

“आबा, ते गाणं न्हाई म्हनायचं,” सपना स्टेजमागं म्हणाली.

“मंग काय म्हनशील, पोरी?”

“पाहून राहिले.”

पडद्याच्या फटीतून तिला बायांची रांग दिसत होती. शेजारणीनं पद्माबाईला विचारलं, “कोनाच्या वो तुमी?” पद्माबाई हसून म्हणाली, “भीमराजची बायको. सपनाची माय.” एवढंच. तिनं स्वतःचं नाव कधी कुणाला सांगितलेलं सपनाला आठवेना.

सपनानं पडदा सोडला.

“आबा, ढोलकी घ्या. मी उचलते तसा ठेका धरा.”

ती माईकपुढं बसली. आवाज निघाला तो थेट मंडपाच्या टोकाला जाऊन भिडला.

“ज्या नावावर पडला न्हाई उजेड आजवर,
पद्माबाई नाव मायचं घेते माईकवर!”

बायांत एकदम गलका उठला. पद्माबाईनं पदरात तोंड लपवलं. भीमराजची थाप चुकता चुकता सावरली.

“कापूस येचला, रस्ता केला तिनं गावभर,
तिच्या नावाची पाटी न्हाई कोन्या दारावर!”

शिट्ट्या, टाळ्या, कुणी पागोटं उडवलं. मागच्या बाया उभ्या राहून धृपद उचलू लागल्या. हरिचंद सरांनी चष्मा काढून पुसला. सपनाच्या कानशिलात रक्त उड्या मारत होतं. असं तिनं कधी गायलं नव्हतं, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आणि तिसरं कडवं सुचेना.

तिनं धृपद पुन्हा घेतलं. मग पुन्हा. डोकं पार रिकामं. ढोलकी एकटीच वाजत राहिली. मंडपात कुजबूज सुरू झाली.

समोर गोपीचंद उभा राहिला.

“थांबा. हे गाणं मला ठाऊक हाय.”

भीमराजचा हात ढोलकीवर तसाच थिजला. मागून कुणीतरी ‘चोर’ म्हटलंच.

“झूट हाय!” सपना ओरडली. “आत्ता रचलं मी. इथंच, बसल्या बसल्या!”

“गोपीचंद,” हरिचंद सरांनी विचारलं, “कुठल्या कॅसेटवर ऐकलंस?”

तो स्टेजवर चढला. सपनापुढचा माईक त्यानं उचलला.

“पुढचं कडवं येत असेल तर म्हण,” सर म्हणाले. “नाहीतर खाली उतर.”

गोपीचंदनं डोळे मिटले. त्याचा तो खडा आवाज पहिल्याच शब्दाला कापला.

“गोपीचंदची माय म्हनत नेली सरणावर,
मिराबाई नाव तिचं, आज पैल्यांदा माईकवर!”