उसनी मंडळी

रविवारी बिशपसाहेब येणार आणि बाक रिकामे दिसले तर चर्चला कुलूप लावणार, हे कळल्यापासून धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो नावाला पाळक, पण कळपात उरली होती बायको, सासूबाई आणि ठार बहिरा पेटीवाला. शेवटी त्यानं थोरल्या भावाला गाठलं. थोरलाही पाळकच, पलीकडच्या गल्लीतल्या चर्चचा.

"दादा, एका रविवारपुरती तुझी माणसं दे."

"ने की सगळी, तुझ्या वहिनीसकट. मी रिकाम्या बाकांना उपदेश करीन. ते निदान जांभया तरी देत नाहीत."

रविवारी चर्च खचाखच भरलं. उसनी मंडळी अशी काही गायली की पेटीवालाही दचकला. एका आजोबांनी सवयीनं प्रार्थनेत थोरल्याचंच नाव घेतलं, तेव्हा मात्र सासूबाईंना मोठ्यानं खोकावं लागलं.

शेवटी बिशपसाहेब बोलायला उठले. "मंडळी वाढावी तर अशी. मला यायला उशीर झाला, कारण वाटेत पलीकडच्या गल्लीत डोकावलो. तिथले पाळक एकटेच रिकाम्या बाकांशी बोलत होते, तेही हसत हसत. म्हटलं, असली इमारत पोसायची कशाला? कुलूप तिकडेच लावू. बरं, पाळक, तुम्ही एवढी माणसं कुठून जमवलीत, ते जरा सांगा."

पहिल्या बाकावर वहिनींनी गीतांचं पुस्तक मिटलं आणि त्याही उत्तराची वाट बघू लागल्या.