उत्तर न आल्यास

कोसाकू उंबरठ्याबाहेर गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात उन्हाळी भेटीचा मिठाईचा खोका, जांभळ्या रुमालात बांधलेला. तेईचीने त्याला आत ये म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. बकरीच्या केसांचा झुपका बोटांवर पसरून तो त्यातले उलटे केस सुरीच्या टोकाने वेचत होता. ब्रशाचं हे काम त्यानेच कोसाकूला शिकवलं होतं, हातात हात धरून, एकोणीस वर्षं.

"उकाडा फार आहे यंदा, गुरुजी. तब्येतीला जपा."

तेईचीने सुरी ठेवली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. वर वेबसाइटचा पत्ता 'कुवाबारा ब्रश' हाच होता, आजोबांपासून चालत आलेलं नाव. खाली मात्र कोसाकूच्या नव्या कारखान्याचे ब्रश आणि कोसाकूचा हसरा फोटो. देशभरातले सुलेखनकार डोळे झाकून या पत्त्यावर ऑर्डर पाठवत. दोन दिवसांत तेईचीकडे एकही आली नव्हती.

"हे कधी केलंस?"

"परवा झालं. हा पत्ता, डोमेन म्हणतात ते, दुसऱ्या कंपनीकडे हलवलं, माझ्या खात्यावर. पहिल्यापासून साइट मीच बघायचो, पासवर्ड माझ्याकडेच होता..." कोसाकूने मान खाली घातली. "पण मालक तुम्ही. तुम्हाला कंपनीची रीतसर मेल आली असेल."

आली होती. बायकोने, फुमिएने, ती मोठ्या अक्षरात छापूनही दिली होती. तेईचीने केसांच्या ट्रेखालून तो कागद काढून समोर ठेवला. 'आपले डोमेन अन्य कंपनीकडे नेण्याची विनंती आली आहे. हरकत असल्यास पाच दिवसांत कळवावे. उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल.'

वाचताक्षणीच त्याने ओळखलं होतं की मागणारा कोसाकू आहे. पण तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे पोराला मान खाली घालायला लावायचं. म्हणून त्याने कागद ट्रेखाली सरकवला आणि गप्प राहिला. कुमानो गावात असंच करतात. शेजाऱ्याने शिडी मागितली आणि आपण उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी शेजारी हवापाण्याचं बोलतो. गप्प बसणं म्हणजे नकार, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. शेवटची ओळ तेईचीने वाचली होती, पण असल्या छापील ओळी कोण मनावर घेतो?

"पाच दिवस वाट पाहिली, गुरुजी. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मग..."

"एकोणीस वर्षं या चटईवर बसलास. मी गप्प राहिलो म्हणजे काय, ते तुला कळलं नाही?"

कोसाकूचे कान लाल झाले.

"मला कळलं, गुरुजी. त्या कंपनीला कळत नाही."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तेईचीला वाटलं. नुसत्या बोटांनी उलटा केस ओळखायला ज्याला शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. तेईचीने पुन्हा सुरी उचलली, पण समोरचे केस त्याला नीट दिसेनात.

मग कोसाकूने दोन्ही हातांनी खोका हळूच पुढे सारला, उंबरठ्याच्या आत.

"तुमच्या आवडीचीच आहे. दरवर्षीची."

तेईची गप्प. कोसाकूने खोका आणखी वीतभर सरकवला.

"नको," तेईची म्हणाला.

कोसाकूचे हात खोक्यावरच थांबले. हा शब्द या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता.

आतून फुमिए म्हणाली, "एवढंच लिहायचं होतं हो त्या कागदावर."