कापलेलं गाणं

लता मॅडम मान वर करायला तयार नव्हत्या आणि ध्रुव टेबलापासून हलायला तयार नव्हता. कार्यक्रम शनिवारी होता आणि त्यातून त्याचं गाणं आजच कापलं गेलं होतं. वेळ कमी पडतोय, असं मॅडम आधी म्हणाल्या. मग गंधारचा एवढा लांबलचक नाच कसा राहिला, असं त्यानं विचारल्यावर त्या चष्मा पुसायला लागल्या.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘अपनी अपनी पसंद’. जयपूरच्या या कॉलेजात वर्षभर एकमेकांच्या आवडीवरून मारामाऱ्या व्हायच्याच बाकी राहिल्या होत्या. कोणाच्या नटाची टिंगल, कोणाच्या क्रिकेट संघाची. त्यावर मॅडमनीच हा उतारा काढला होता. आपण कोणाचे चाहते आहोत आणि का, ते प्रत्येकानं स्टेजवर सांगायचं, थोडं करून दाखवायचं. नियम एकच, कोणी कोणाला हसायचं नाही. आणि आता नियम करणारीनंच तो गुंडाळून ठेवला होता.

कोणी तक्रार केली, असं ध्रुवनं तीन वेळा विचारलं.

"तक्रार नव्हती, विनंती होती," मॅडम शेवटी हिंदीत म्हणाल्या. "तुझ्या गाण्याचे शब्द ज्याला कळतात, त्यानंच काल केली. नाव विचारू नकोस. मी शब्द दिलाय."

नाव विचारायची गरजच नव्हती. ध्रुव अकोल्याकडच्या एका गायन पार्टीचा वेडा चाहता होता. त्यांची भीमगीतं त्याला तोंडपाठ होती. तालमीत त्यानं निवेदन न करता नुसतं गाणं म्हटलं, तेव्हा पोरांना ती कव्वालीच वाटली आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. इथल्या लोकांना मराठी आडनावांचंही काही कळत नाही. महाराष्ट्राचे म्हटलं की विषय संपतो. गाण्याचे शब्द आणि ध्रुवचं आडनाव, दोन्हीचा अर्थ लागेल असा अख्ख्या कॉलेजात एकच होता. बँकेतल्या साहेबाचा मुलगा, गंधार.

गंधार तालमीत हसलाही होता. तुला माईक कशाला हवा, तुझा आवाज तसाही जुन्या शहराच्या चारदीवारीपर्यंत जाईल, असं म्हणाला होता. तेव्हा ध्रुवनं ते मनावर घेतलं नव्हतं, कारण टिंगल करण्यात तो स्वतःही काही कमी नव्हता. गंधार कोरियातल्या एका बँडवर जीव टाकायचा, त्यांच्यासारखे केस आणि नखं रंगवायचा. तुझी रंगपंचमी वर्षभर चालते का, असं ध्रुव त्याला रोज विचारायचा. पण ती थट्टा होती. हे पोटात एक आणि ओठावर एक असं होतं, आणि याचीच ध्रुवला चीड आली.

घरी सगळे शनिवारची वाट बघत होते. भाडेकरूचा मुलगा गाणार म्हणून खातीपुऱ्यातले घरमालक सहकुटुंब यायचे होते. ध्रुवचे वडील, उत्तम, रेल्वेत होते आणि तरुणपणी याच पार्टीत कोरस धरायचे. ध्रुवनं हिंदीतलं निवेदन त्यांना म्हणून दाखवलं होतं. हे गाणं कोणाचं, आपण कोण, आजोबांच्या वस्तीत ते कसं गायलं जायचं, सगळं त्यात होतं. वडिलांनी ते दोनदा म्हणायला लावलं. लांबतंय, नुसतं गाणं म्हण, एवढंच ते म्हणाले. ध्रुवनं एक ओळही गाळली नव्हती.

मॅडमच्या खोलीतून तो तडक हॉलमध्ये गेला. गंधार आणि त्याच्या नाचातली तिघं सराव करत होती, बाकीचे बघत बसले होते. ध्रुवनं स्पीकरची वायर ओढली.

"काल मॅडमच्या खोलीत तू होतास?"

"होतो," गंधार म्हणाला.

"माझ्या गाण्याचं काय झालं तिथं? सांग सगळ्यांना."

गंधारनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "ध्रुव, इथं नको. तू घरी जा."

एवढं ऐकल्यावर ध्रुवचं डोकंच फिरलं. मला घरी पाठवणारा हा कोण? तो बाकावर चढला आणि जे शनिवारी सांगायचं होतं ते सगळं त्यानं तिथंच हिंदीत सांगून टाकलं. गाणं कोणाचं, आपण कोण, आणि या मोठ्या घरच्या पोराला आमच्या गाण्याचा विटाळ कसा होतो, तेही. हॉल पेटला. नाचातली तिघं निघून गेली. कोणीतरी गंधारच्या बँडचं पोस्टर फाडलं. गंधार तुकडे गोळा करत राहिला, पण त्यानं एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. त्याचं नाव कार्यक्रमातून काढावं म्हणून पोरांनी सह्या गोळा केल्या आणि पहिली सही ध्रुवनं केली.

संध्याकाळी वडील ड्यूटीवरून आले, तेव्हा ध्रुवला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. त्यानं सगळं सांगितलं, बाकावर चढून काय काय बोललो तेसुद्धा. आपली ओळख आता सगळ्या कॉलेजला कळली, हे सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. वडिलांनी हातातला डबा खाली ठेवला.

"अन् तो पोरगा काही बोलला का?"

"काय बोलणार? चोराच्या मनात चांदणं."

उत्तमनी आधी घरमालकांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

"शब्दाले जागला पोरगा," ते म्हणाले. "मॅडमले भेटाले मी गेलो, तवा तो तिथंच उभा होता."