नोरीनची पसंती

घरी बनवलेल्या हलक्या बिअरला वास यावा म्हणून शेवटी कुठल्या हॉप्सची फुलं घालायची, हे पोर्टलंडचा ऑल्डन बायकोलाच विचारायचा. नोरीन त्याच्या तळहातावर चुरडलेली फुलं हुंगून सांगायची, "ही संत्र्याच्या वासाची घाल रे. मागची पाइनच्या वासाची काही चालली नाही." बिअर तयार झाली, की भरला ग्लास घेऊन ती एकटीच परसात जायची. असली दर्दी बायको मिळाली म्हणून तो मित्रांत छाती फुगवून सांगायचा.

आज सोबत प्यावी म्हणून तोही तिच्या मागोमाग गेला. कुरतडलेल्या लेट्यूसच्या वाफ्यात बशा मांडलेल्या होत्या. प्रत्येक बशीत त्याची बिअर, आणि बिअरमध्ये बुडून मेलेल्या गोगलगाई.

त्याने वाकून एक बशी उचलली. "नोरीन... हे काय?"



"बघ, संत्र्याच्या वासाला कशा तुटून पडल्यात! पाइनला एकही फिरकली नव्हती."